ऑनलाइन उपासना अडते कुठे?

रविवारची मिस्सा किंवा उपासना मोबाईलवर अथवा टीव्हीवर पाहताना चार प्रकारच्या अडचणी येतात. व्हिडिओ मध्येच थांबून चक्र गोल फिरू लागते, आवाज येत नाही, चित्र अडखळते, किंवा मुळात काही सुरूच होत नाही. या चारही तक्रारींना सरसकट ‘नेटचा प्रॉब्लेम’ म्हटले जाते आणि मग फोन बंद-चालू करणे, ॲप काढून पुन्हा टाकणे असे उपाय सुरू होतात. तोवर प्रवचन संपलेले असते. प्रत्यक्षात वेदीपासून घरातल्या पडद्यापर्यंत पाच-सहा टप्पे असतात. बिघाड त्यांपैकी कोणत्याही एका टप्प्यात असू शकतो आणि प्रत्येक टप्प्याचा बिघाड पडद्यावर वेगळ्या तऱ्हेने दिसतो. लक्षण नीट पाहिले, तर कारण बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत सापडते.

चर्चपर्यंत येऊ न शकणाऱ्यांपर्यंत उपासना पोहोचवण्याची धडपड इंटरनेटच्या फार आधीची आहे. २ जानेवारी १९२१ रोजी अमेरिकेतील पिट्सबर्गच्या केडीकेए या रेडिओ केंद्राने तिथल्या कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमधली उपासना प्रक्षेपित केली. आजारपणामुळे खोलीबाहेर पडू न शकलेल्या असिसीच्या संत क्लेअरला मिस्सा भिंतीवर दिसली आणि ऐकू आली, अशी परंपरागत कथा आहे. तिच्याच आधारे पोप पायस बारावे यांनी १९५८ साली तिला दूरचित्रवाणीची आश्रयदाती संत घोषित केले. भारतात २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागू झाली आणि १२ एप्रिलचा ईस्टर चर्चची दारे बंद ठेवूनच साजरा झाला. त्या काळात अनेक धर्मग्रामांनी आणि मंडळ्यांनी ट्रायपॉडवर मोबाईल लावून प्रक्षेपण सुरू केले. दारे उघडल्यावरही पुष्कळ ठिकाणी ते चालू राहिले. अंथरुणाला खिळलेले वृद्ध, त्यांची शुश्रूषा करणारे, वसईतून आखातात नोकरीला गेलेले लोक यांच्यासाठी ते गावच्या चर्चशी उरलेले जिवंत नाते असते. म्हणून हा बिघाड किरकोळ समजून सोडून देण्यासारखा नाही.

प्रक्षेपणाचा प्रवास असा असतो. कॅमेरा आणि माइक यांच्याकडून आलेले चित्र व आवाज एन्कोडर आकुंचित करतो. हा एन्कोडर म्हणजे मोबाईलमधले ॲप, वेगळे यंत्र किंवा संगणकावरचे ओबीएस स्टुडिओसारखे मोफत सॉफ्टवेअर. तिथून हा प्रवाह चर्चच्या इंटरनेट जोडणीवरून यूट्यूब किंवा फेसबुकच्या सर्व्हरवर जातो. सर्व्हर त्याच्या वेगवेगळ्या दर्जाच्या आवृत्त्या बनवतो, म्हणजे १०८०पी, ७२०पी, ४८०पी असे करत खाली १४४पीपर्यंत. प्रत्येक आवृत्तीचे काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात. ॲपलने २००९ साली आणलेली एचएलएस ही पद्धत अशाच तुकड्यांवर चालते. हे तुकडे प्रेक्षकाच्या जवळच्या सर्व्हरवर पोहोचतात आणि घरातला फोन किंवा टीव्ही ते एकामागून एक उतरवून घेतो. पुढचे काही तुकडे हाताशी साठवून ठेवायचे आणि आधीचे दाखवायचे, असे त्याचे काम चाललेले असते. हा साठा म्हणजेच बफर. तो गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखा आहे: पुरवठा थोडा वेळ खंडित झाला तरी नळ चालू राहतो, टाकी रिकामी झाली की मात्र थांबतो.

म्हणून पहिला प्रश्न एकच असावा: बिघाड पाहणाऱ्याकडे आहे की पाठवणाऱ्याकडे? त्याच फोनवर दुसरा कोणताही व्हिडिओ लावून पाहावा. तो सुरळीत चालला, तर घरातले नेट आणि फोन बहुधा ठीक आहेत. मग हीच उपासना दुसऱ्या फोनवर, दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून उघडावी. तिथेही त्याच क्षणी तीच अडचण दिसली, तर दोष चर्चच्या बाजूला आहे आणि घरात काहीही बदलून उपयोग नाही. व्हिडिओखाली किंवा शेजारी चालणारे लाइव्ह चॅट यापेक्षाही लवकर उत्तर देते. ‘आवाज येत नाही’, ‘अडकतंय’ असे संदेश एकदम दहा घरांतून आले, तर आपला राउटर चाचपत बसू नये. प्रक्षेपण संपल्यावर करायची एक खूणही आहे: जिथे व्हिडिओ अडला होता ते मिनिट नंतर रेकॉर्डिंगमध्ये पाहावे. तिथे चित्र तुटलेले किंवा उडी मारलेले असेल, तर दोष चर्चकडून सर्व्हरकडे जाणाऱ्या वाटेवर होता. रेकॉर्डिंग स्वच्छ असेल, तर तो घराच्या बाजूला होता.

यूट्यूबच्या सेटिंगमध्ये ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ नावाची एक सोय आहे. सामान्य प्रेक्षक तिच्या वाटेला जात नाही, पण तिच्यातल्या तीनच ओळी वाचता आल्या तरी पुष्कळ कळते. ‘कनेक्शन स्पीड’ म्हणजे तुकडे किती वेगाने उतरत आहेत. ‘बफर हेल्थ’ म्हणजे पुढचा किती सेकंदांचा साठा हाताशी आहे. ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’ म्हणजे फोनला दाखवायला न जमल्यामुळे गाळली गेलेली चित्रे. बफर शून्याकडे जात असेल आणि वेगही पडलेला असेल, तर नेट कमी पडते आहे. बफर भरलेला असून गाळलेल्या फ्रेम वाढत असतील, तर फोनची ताकद कमी पडते आहे. दोन्ही आकडे चांगले असूनही चित्र थांबत असेल, तर ते मुळातच थांबलेले येत आहे.

नेट कमी पडण्याचे भारतातले सर्वांत साधे कारण म्हणजे दिवसाचा डेटा संपणे. अनेक प्रीपेड प्लॅनमध्ये रोजचा ठरलेला डेटा वापरून झाला की जोडणी तुटत नाही, वेग मात्र ६४ केबीपीएसवर येतो. व्हॉट्सॲपचे साधे संदेश जातात, त्यामुळे नेट चालू आहे असे वाटते, पण या वेगात व्हिडिओ चालणे शक्य नसते. सकाळच्या उपासनेला सहसा ही वेळ येत नाही. संध्याकाळच्या किंवा नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला हमखास येते. हिशेब सोपा आहे. सेकंदाला एक मेगाबिट वेगाचा प्रवाह तासाला सुमारे ४५० एमबी डेटा खातो आणि ४८०पीचा व्हिडिओ साधारण याच्या आसपास असतो. १०८०पीवर तासाभराची उपासना दीड जीबीचा प्लॅन सहज संपवू शकते. २०२० च्या मार्चअखेरीस नेटवर्कवरचा ताण कमी करण्यासाठी व्हिडिओ कंपन्यांनी भारतात मोबाईल नेटवर्कवरचा दर्जा काही काळ ४८०पीपर्यंत मर्यादित ठेवला होता. मोबाईलच्या पडद्यावर प्रवचन पाहण्यासाठी तेवढा दर्जा खरोखर पुरेसा आहे. म्हणून व्हिडिओ अडू लागला की दर्जा ‘ऑटो’वर न सोडता हाताने ४८०पी किंवा ३६०पी करावा. ‘ऑटो’मध्ये प्लेअर वेग वाढल्यासारखा दिसताच वरच्या दर्जाकडे जातो आणि कमी-जास्त होणाऱ्या रेंजमध्ये पुन्हा अडतो.

दुसरा उपाय थेट प्रक्षेपणापुरता आहे आणि फार गुणकारी आहे. प्रक्षेपण अगदी त्या क्षणाचे पाहिले जात असेल, तर प्लेअरला पुढचा साठा करायला जागाच नसते, कारण पुढचे अजून घडलेलेच नसते. व्हिडिओ एक-दोन मिनिटे थांबवून मग सुरू केला किंवा खालची पट्टी थोडी मागे ओढली, की तेवढ्या मिनिटांचा साठा करायला वाव मिळतो. चर्चने मागे जाण्याची सोय बंद केली नसेल, तर हे सहज जमते. उपासना दोन मिनिटे उशिरा दिसते, पण अखंड दिसते. हीच गोष्ट चर्चच्या बाजूने करता येते. यूट्यूबवर प्रक्षेपण सुरू करताना विलंबाचे तीन पर्याय असतात: नेहमीचा, कमी आणि अतिशय कमी. प्रश्नोत्तराच्या कार्यक्रमाला कमी विलंब लागतो. मिस्सेला तो लागत नाही, तरीही अनेक ठिकाणी ‘जितके लवकर तितके चांगले’ म्हणून अतिशय कमी विलंब निवडला जातो आणि दूरच्या, कमकुवत रेंजच्या प्रेक्षकांचा साठा उगाच हिरावला जातो.

घरात वायफाय असेल, तर फोन राउटरच्या जवळ नेऊन पाहावे. भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झचा पट्टा लवकर क्षीण होतो, २.४ गिगाहर्ट्झचा दूर पोहोचतो, पण शेजाऱ्यांच्या वायफायमुळे आणि स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हमुळे त्यात अडथळा येतो. टीव्हीला शक्य असेल तर सरळ लॅनची केबल जोडावी.

आवाजाच्या तक्रारी सर्वांत जास्त हैराण करतात, कारण चित्र व्यवस्थित दिसत असते. चर्चच्या वेबसाइटवर बसवलेला व्हिडिओ आपोआप सुरू होत असेल, तर तो बहुधा मुका असतो. क्रोम ब्राउझर २०१८ पासून आवाजासह आपोआप सुरू होणारे व्हिडिओ रोखतो, आवाज बंद असलेल्यांना मात्र चालू देतो. प्लेअरवरच्या स्पीकरच्या खुणेवर काट असेल, तर ती दाबली की काम झाले. दुसरे नेहमीचे कारण ब्लूटूथचे: आवाज शेजारच्या खोलीतल्या स्पीकरकडे किंवा कपाटातल्या इअरबडकडे गेलेला असतो. ब्लूटूथ बंद करून पाहणे हा दहा सेकंदांचा उपाय आहे.

याच्या पलीकडे एक चमत्कारिक तक्रार असते: फोनच्या स्पीकरवर प्रवचन अजिबात ऐकू येत नाही किंवा खोल विहिरीतून आल्यासारखे येते, पण हेडफोन लावले की ऐकू येते. फोन नादुरुस्त झाला असे समजून तो दुरुस्तीला नेला जातो. दोष फोनचा नसून चर्चमधल्या एका केबलचा असतो. चर्चच्या मिक्सरमधून निघणारा बॅलन्स्ड आवाज दोन तारांवरून जातो. दोन्हींवर सिग्नल तोच असतो, पण एकमेकांच्या अगदी उलटा. लांब केबलमध्ये शिरणारा खरखराट काढून टाकण्यासाठी ही योजना असते. अशी केबल लॅपटॉपच्या किंवा कॅमेऱ्याच्या स्टिरिओ जॅकमध्ये खुपसली, की एक तार डाव्या कानाची होते आणि दुसरी उजव्या कानाची. हेडफोनमध्ये दोन्ही कानांना आपापला आवाज मिळतो. एकच स्पीकर असलेला फोन मात्र डावे-उजवे एकत्र मिसळतो आणि उलटसुलट सिग्नल एकमेकांना खोडून काढतात. घरच्या प्रेक्षकाने त्या दिवसापुरते हेडफोन वापरावेत आणि फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमधला ‘मोनो ऑडिओ’ बंद असल्याची खात्री करावी. चर्चने मिक्सरच्या दोन तारांपैकी एकच संगणकाला देणारी योग्य केबल किंवा मध्ये आयसोलेशनचा डबा वापरावा. सॉफ्टवेअरमध्ये मोनो करून हा दोष जात नाही. तसे केल्यास आवाज सर्वांसाठीच नाहीसा होतो.

आवाज फक्त डाव्या बाजूला येत असेल, तर उपाय नेमका उलटा आहे. मिक्सरकडून एकाच बाजूचा सिग्नल आलेला असतो आणि फक्त उजव्या कानाने ऐकू येणाऱ्या वृद्धाच्या दृष्टीने उपासना मुकी होते. तिथे ‘मोनो ऑडिओ’ चालू केला की दोन्ही कानांत आवाज येतो.

प्रवचन स्पष्ट, पण गायनसंघ आणि तबला-पेटी दूर कुठेतरी वाजल्यासारखी, ही तक्रारही प्रेक्षकाच्या हातातली नाही. मिक्सर मुळात सभागृहासाठी लावलेला असतो. ज्यांचा आवाज मोठा करायला हवा, त्यांनाच माइक दिलेला असतो. तबला आणि समूहगान भिंतीपर्यंत आपसूक पोहोचते, म्हणून त्यांना माइक नसतो. घरी जाणाऱ्या प्रवाहात मात्र माइकपुढचेच तेवढे जाते. सभागृहाचा नैसर्गिक आवाज पकडणारा एक वेगळा माइक फक्त प्रक्षेपणासाठी ठेवला की हा प्रश्न सुटतो आणि घरी बसलेल्याला आपण मंडळीत असल्यासारखे वाटते. झूमवरच्या प्रार्थनासभेत वेगळाच घोटाळा होतो. झूम माणसाचे बोलणे सोडून बाकीच्याला गोंगाट समजून दाबतो आणि त्यात पेटीचे सूर गिळले जातात. गाणाऱ्याने आपल्या बाजूला ‘ओरिजिनल साउंड’ चालू करावे. झूमची मोफत सभा ४० मिनिटांनी बंद पडते, तेव्हा आशीर्वादाच्या आधी सगळे एकदम बाहेर फेकले गेले तर ते बिघाडामुळे नव्हे.

ओठ आणि शब्द यांचा मेळ बसत नसेल, तर अंतर कायम आहे की वाढत जाते हे पाहावे. कायम असेल आणि इतर व्हिडिओंतही दिसत असेल, तर ब्लूटूथ स्पीकर किंवा साउंडबार कारणीभूत असतो. फक्त याच प्रक्षेपणात असेल, तर चर्चच्या एन्कोडरमध्ये आवाजाला योग्य तो विलंब दिलेला नाही. सुरुवातीला जुळलेले आणि तासाभराने बरेच सरकलेले असेल, तर बहुधा एका उपकरणात ४४.१ आणि दुसऱ्यात ४८ किलोहर्ट्झ असे वेगवेगळे सॅम्पल रेट लावलेले असतात.

चित्र धक्के खात चालते पण आवाज अखंड असतो, तेव्हा दोन शक्यता उरतात. चर्चचा लॅपटॉप एन्कोडिंगचा भार पेलत नसेल, तर फ्रेम तिथेच गळतात आणि प्रत्येक घरात तेच दिसते. एकाच घरात दिसत असेल, तर फोन किंवा टीव्ही जुना आहे. व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या आकुंचन-पद्धती उलगडण्याची सोय जुन्या चिपमध्ये नसते, मग ते काम मुख्य प्रोसेसरवर पडते आणि फोन तापतो. दर्जा खाली आणणे, बाकीची ॲप बंद करणे, संगणकावर ब्राउझरमधले ‘हार्डवेअर ॲक्सिलरेशन’ एकदा बंद करून पाहणे, एवढेच घरच्याने करायचे. चित्र सतत चौकोन-चौकोन दिसत असेल, तर दर्जाची यादी उघडावी. यादीत ३६०पीच्या वर काही नसेल, तर चर्चकडूनच तेवढे येत आहे. चर्चला ७२०पी पाठवायला सुमारे ४ एमबीपीएस अपलोड लागतो आणि तो टिकून राहण्यासाठी जोडणीत त्याच्या दीडपट तरी वेग असावा. स्पीड टेस्टमध्ये डाउनलोडचा मोठा आकडा पाहून समाधान मानले जाते, पण प्रक्षेपणाला अपलोडच लागतो आणि मोबाईल हॉटस्पॉटवर तो पुष्कळ कमी असतो. पडद्यावर आडवे पट्टे सरकताना दिसले, तर टीव्ही बिघडलेला नसतो. भारतातली वीज ५० हर्ट्झची आहे आणि कॅमेऱ्याचे शटर तिच्याशी जुळलेले नसते. कॅमेऱ्यात ‘अँटी-फ्लिकर’ ५० हर्ट्झवर ठेवला की ते जातात.

‘सुरूच होत नाही’ या तक्रारीत पुष्कळदा बिघाड नसतोच, दुवा किंवा वेळ चुकलेली असते. आठवडाभर आधी व्हॉट्सॲपवर फिरलेला दुवा एका नियोजित प्रक्षेपणाचा असतो. रविवारी कॅमेऱ्यावरच्या मुलाने ते न उघडता नवेच प्रक्षेपण सुरू केले, तर जुन्या दुव्यावरचे लोक ‘लवकरच सुरू होईल’ ही पाटी पाहत बसतात. अशा वेळी दुवा सोडून चर्चच्या चॅनेलचे पान उघडावे. तिथे ‘लाइव्ह’ खाली खरे प्रक्षेपण दिसते. परदेशातील उपासनेसाठी घड्याळ पाहावे लागते. रोममधली पोपची रविवारची दुपारी १२ ची देवदूत प्रार्थना भारतात हिवाळ्यात दुपारी ४.३० ला दिसते आणि उन्हाळ्यात ३.३० ला, कारण युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे सरकतात. वसईची सकाळी ७ ची मिस्सा दुबईत वर्षभर पहाटे ५.३० ला असते.

व्हिडिओ ‘प्रायव्हेट’ ठेवला गेला असेल किंवा फेसबुकच्या बंद गटात असेल, तर परवानगी किंवा लॉगिनशिवाय तो उघडत नाही. जुन्या टीव्हीवर फक्त सुरक्षित जोडणीचा संदेश येत असेल, तर टीव्हीची तारीख-वेळ तपासावी. तारीख मागे गेली असेल, तर सर्व्हरचे प्रमाणपत्र अवैध ठरते आणि काहीच उघडत नाही. प्रमाणपत्राची मुदत उपकरणाच्या बाजूलाही संपू शकते. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट उपकरणे याच कारणाने जगभर एकाएकी बंद पडली होती आणि गूगलने दुरुस्ती पाठवेपर्यंत प्रेक्षकांच्या हातात काहीच नव्हते.

गीताच्या वेळी आवाज गेला, रेकॉर्डिंगचा काही भाग मुका झाला किंवा व्हिडिओ भारतात दिसतो पण आखातात ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’ असे येते, तेव्हा कारण कॉपीराइटचे असते. यूट्यूबची कंटेंट आयडी ही यंत्रणा प्रवाहातले संगीत नोंदलेल्या ध्वनिमुद्रणांशी ताडून पाहते आणि हक्कधारकाच्या इच्छेनुसार देशवार बंदी घालू शकते. उदाहरणार्थ, मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांचे निधन १९१९ साली झाले. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, म्हणून त्यांची पदे मंडळीने गायली तर शब्दांवर कोणाचा हक्क नाही. पण त्याच पदाचे अलीकडचे ध्वनिमुद्रण उपासनेत वाजवले, तर ते ध्वनिमुद्रण मात्र कोणाच्या तरी मालकीचे असते. मंडळीने स्वतः गाणे हा त्यावरचा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. नव्या गीतांसाठी परवाना घ्यावा.

उपासना संपताच रेकॉर्डिंग अंधूक दिसले किंवा सापडले नाही, तर काही तास वाट पाहावी. यूट्यूबवर आधी हलक्या दर्जाची प्रत येते आणि वरचा दर्जा मागाहून तयार होतो. १२ तासांपेक्षा लांब चाललेले प्रक्षेपण पूर्ण जतन होईलच असे नाही, म्हणून जागरण-प्रार्थना किंवा सणाचे दिवसभराचे कार्यक्रम तुकड्यांत करावेत. फेसबुकवर १९ फेब्रुवारी २०२५ पासून लाइव्ह व्हिडिओ ३० दिवसांनी काढून टाकले जातात. लग्नाची किंवा अंत्यविधीची मिस्सा तिथे असेल, तर त्या मुदतीत ती उतरवून ठेवली पाहिजे.

दोष चर्चच्या बाजूचा आहे असे ठरले, की तो कळवण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. मिक्सर आणि लॅपटॉपवर बसलेली मुले बहुतेक ठिकाणी स्वेच्छेने काम करतात आणि त्यांना घरातला पडदा दिसत नाही. ‘आज काहीच नीट नव्हते’ यावरून त्यांना काही दुरुस्त करता येत नाही. ‘दुसऱ्या वाचनापासून, रेकॉर्डिंगच्या २३ व्या मिनिटाला, फोनच्या स्पीकरवर आवाज गेला, हेडफोनमध्ये येत होता, वायफाय आणि मोबाईल डेटा दोन्हींवर तेच’ असे कळवले, तर कोणती केबल बदलायची हे त्यांना लगेच समजते.